चिनी आणि जपानी सहकाऱ्यांच्या मधल्या खुर्चीवर

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोकियोतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ जणांची टीम आहे: पाच जपानी, तीन चिनी आणि एक मराठी. दोन वर्षं सगळे एकत्र जेवायला जायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान ताकाइची सानाए संसदेत तैवानबद्दल बोलल्या, चीनने आपल्या नागरिकांना जपानला जाणं टाळा असं सांगितलं, आणि तेव्हापासून जेवणाची दोन टेबलं झाली. हे लोक आतून एकमेकांचा द्वेष करतात का, आणि मधल्या माणसाने काय करावं?

बहुतेक ठिकाणी हा द्वेष नसतो, अवघडलेपण असतं. जपानी माणसाला वाटतं, चुकून काही बोलून गेलो तर समोरचा दुखावेल. चिनी माणसाला वाटतं, आता मला माझ्या सरकारच्या वतीने उत्तरं द्यावी लागणार. विषयच निघू नये म्हणून दोघंही आपापल्या माणसांत जाऊन बसतात. पहिल्या आठवड्यात ती सोय असते, तिसऱ्या आठवड्यात सवय होते. तुम्हाला अडवायची आहे ती ही सवय.

त्याआधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. या दोन समाजांतला ताण दोन बाजूंनी येतो. एक वरून: युद्धाचा इतिहास, दोन्ही देश हक्क सांगतात ती बेटं, तैवान, पुढाऱ्यांची विधानं. दुसरा खालून: कचऱ्याची पिशवी, हॉटेलचं बिल, आभार मानायची पद्धत, मेलमधला एखादा शब्द. होतं असं की खालचं भांडण वरच्या खात्यावर जमा केलं जातं. शेजारी रात्री अकरा वाजता फर्निचर सरकवतो, तर 'हे चिनी असेच'. साहेब तीन आठवडे उत्तर देत नाही, तर 'हे जपानी असेच'. वरचा ताण तुमच्या हातात नाही, तो पावसाळ्यासारखा अंदाज घेऊन सांभाळायचा. खालचा निस्तरता येतो.

वरचा ताण किती चंचल असतो ते आकड्यांत दिसतं. गेनरोन एनपीओ ही जपानी संस्था चिनी संस्थेबरोबर २००५ पासून दोन्ही देशांत मतचाचणी घेते. जपानबद्दल वाईट मत असलेले चिनी लोक २०२३ मध्ये ६२.९ टक्के होते, २०२४ मध्ये ८७.७ टक्के. एका वर्षात जवळजवळ २५ टक्क्यांची उडी! माणसांचे स्वभाव वर्षात इतके बदलत नाहीत, बातम्या बदलतात. आणि त्याच २०२४ मध्ये सुमारे ७० लाख चिनी पर्यटक जपानला जाऊन आले, वर्षअखेरीस जपानमध्ये राहणारे चिनी नागरिक ८ लाख ७० हजारांच्या वर होते. चाचणीत माणूस 'त्या देशा'बद्दल उत्तर देतो, शेजारच्या वांग किंवा सातोबद्दल नाही. म्हणून कुणी तुमच्यासमोर हे आकडे फेकले तर ते तुमच्या टीमला लावू नका.

आता तारखा. ७ जुलै (१९३७, मार्को पोलो पुलाजवळची चकमक), १५ ऑगस्ट (१९४५, जपानची शरणागती), ३ सप्टेंबर (चीनचा विजयदिन), १८ सप्टेंबर (१९३१, मुकदेनची घटना, जिथून जपानने ईशान्य चीन घ्यायला सुरुवात केली) आणि १३ डिसेंबर (१९३७, नानजिंगचं हत्याकांड). या पाच तारखा टीमच्या कॅलेंडरवर नाही तरी तुमच्या डायरीत हव्यात. यातली १८ सप्टेंबर जपानी सहकाऱ्यांना बहुतेक वेळा आठवतही नाही, आणि तिथेच घोळ होतो. मुकदेन म्हणजे आजचं शेनयांग. तिथे त्या दिवशी सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी भोंगे वाजतात. त्या भागातून आलेल्या सहकाऱ्याला त्याच दिवशी पार्टीत माइक धरून गायला लावलं तर तो गाईलही, पण ते विसरणार नाही. १८ सप्टेंबर २०२४ ला शेनझेनमध्ये जपानी शाळेच्या दहा वर्षांच्या मुलावर चाकूहल्ला झाला आणि तो दगावला. तेव्हापासून चीनमध्ये राहणारी जपानी कुटुंबंही ही तारीख धास्तीने बघतात. म्हणजे आता ती दोघांचीही दुखरी तारीख आहे.

१५ ऑगस्टला आपली वेगळीच गंमत होते. ऑफिसात पेढे न्यायचे असतील तर जरूर न्या, 'आज आमचा स्वातंत्र्यदिन' एवढंच सांगा. 'आज तुमच्याकडेही काहीतरी असतं ना?' हे वाक्य गिळून टाका. जपानमध्ये तो ओबोनचा, पितरांचा काळ असतो, शिवाय त्या दिवशी कोणता मंत्री यासुकुनी या युद्धात मेलेल्यांच्या देवळात गेला याकडे चिनी लोकांचं लक्ष असतं. १९७८ मध्ये त्या देवळात १४ 'अ' वर्ग युद्धगुन्हेगारांची नावं समाविष्ट झाली, त्यामुळे जपानी माणसाचं 'आजोबांना नमस्कार करायला गेलो' हे साधं वाक्यसुद्धा चिनी कानाला साधं लागत नाही.

शब्दांचं प्रकरण याहून बारीक आहे, आणि त्यात सरकारंसुद्धा अडकली आहेत. सप्टेंबर १९७२ मध्ये पंतप्रधान तनाका काकुएई संबंध पूर्ववत करायला बीजिंगला गेले. स्वागताच्या मेजवानीत ते म्हणाले की जपानने चिनी जनतेला मोठा 'मेइवाकु' दिला. जपानीत त्रास या अर्थाचा हा शब्द संदर्भाप्रमाणे हलका किंवा बऱ्यापैकी जड होतो. चिनीत त्याचं भाषांतर झालं 'माफान', म्हणजे आपल्याकडचं 'जरा तसदी दिली'. एवढ्या मोठ्या युद्धाबद्दल 'तसदी'! दुसऱ्या दिवशी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी सुनावलं की रस्त्यात एखाद्या बाईच्या कपड्यांवर पाणी उडालं तर हा शब्द वापरतात. २९ सप्टेंबरच्या संयुक्त निवेदनात मग जबाबदारीची जाणीव आणि खोल आत्मपरीक्षण अशी जड भाषा आली.

ऑफिसातला याचा भाऊबंद म्हणजे 'केन्तो'. जपानी सहकारी मेलमध्ये 'केन्तो शिमासु' लिहितो, म्हणजे 'विचार करतो'. ही चित्राक्षरं चिनीत 'ज्येनथाव' अशी वाचतात आणि तिथे त्यांचा अर्थ होतो स्वतःच्या चुकीची कबुली लिहून देणं. टोकियोत मुरलेल्या चिनी माणसाला हा फरक माहीत असतो, पण तीच मेल शांघायच्या ऑफिसला पुढे गेली की 'जपानी बाजूने चूक मान्य केली' असा समज होऊ शकतो. पत्र या अर्थाची जपानी अक्षरं चिनीत टॉयलेट पेपर होतात, हा विनोद सगळ्यांना माहीत असतो. नुकसान करतात ते 'केन्तो'सारखे गंभीर चेहऱ्याचे शब्द. त्यातून 'केन्तो' म्हणजे पुष्कळदा नम्र 'नाही'. आपण ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतो, ते इथे सौजन्य समजलं जातं. तुम्ही मधले असाल तर दोनच प्रश्न विचारा: निर्णय कोण घेणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत? उलट बाजूला चिनी सहकाऱ्याचं 'मेइ वन्ती', म्हणजे 'काही अडचण नाही', हे सुरुवातीचं उत्साहाचं वाक्य असतं, काम झाल्याची पावती नव्हे. तिथे विचारायचं: आत्ता किती झालंय, दाखवशील का? जपानी साहेब 'मेइ वन्ती' ऐकून निश्चिंत होतो, मुदतीच्या आदल्या दिवशी त्याला कळतं की अर्धंच झालंय, आणि दोष जातो थेट चीन देशाला.

काही शब्द तोंडात येऊच देऊ नका. जपानीत चीनला नेहमी 'चूगोकु' म्हणा. 'शिना' हा जुना शब्द चिनी कानाला युद्धकाळातली शिवी वाटतो. ईशान्य चीनला 'मांशू' म्हणू नका, 'चूगोकु तोहोकुबु' म्हणा. नुसतं 'तोहोकु' म्हटलंत तर जपानी माणसाला जपानचाच ईशान्य भाग, सेंदाई वगैरे, आठवेल. उलट बाजूचे 'श्याओ रिबेन' (छोटा जपान) आणि 'क्वेइझ' (सैतान) हे शब्द चिनी मुलं गमतीत वापरतात, पण ज्या जपानी माणसाला चिनीचे चारच शब्द येतात त्याला नेमके हेच येत असतात. बेटांचं नाव घ्यायची वेळ आली तर 'ती बेटं' म्हणा. सेनकाकु हे जपानी नाव घेतलं की एक बाजू घेतली, द्याओयू हे चिनी नाव घेतलं की दुसरी.

पण माझ्या मते मैत्री तुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण यातलं कुठलंच नाही. ते आहे आभार. प्रसंग बघा. तानाकाचं घर बदलायचं आहे, चेन दिवसभर खोकी उचलतो. तानाका तिथे दहा वेळा आभार मानतो, सोमवारी ऑफिसात पुन्हा 'परवा फार मदत झाली' म्हणतो आणि हजार-दीड हजार येनचा मिठाईचा डबा हातात देतो. तानाकाच्या हिशोबाने हे अगदी रीतसर झालं: उपकार घेतला, तो ओझं होऊन बसायच्या आत फेडला, दुसऱ्यांदा आठवणही ठेवली. चेनच्या हिशोबाने मात्र तानाकाने व्यवहार मिटवून टाकला. चिनीत याला 'ज्येनवाय' म्हणतात. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही: 'इतकं काय परक्यासारखं करता!' हेच ते. चेनला डबा नको होता. त्याला हवं होतं की उद्या त्याला गरज लागली तर तानाकाला न संकोचता फोन करता यावा. दोन महिन्यांनी चेन खरंच फोन करतो, घर भाड्याने घ्यायला जामीनदार म्हणून सही मागतो. तानाका हबकतो. जपानमध्ये जामीन ही भावाकडेसुद्धा बिचकत मागायची गोष्ट. तो तोंडावर नाही म्हणत नाही, 'जरा कठीण आहे' म्हणतो. चेन समजतो, कठीण म्हणजे प्रयत्न केला तर होईल, आणि पुन्हा विचारतो. इथे मैत्री संपते आणि दोघांनाही नेमकं कारण कळत नाही.

यात मधल्या माणसाने करायचं ते एवढंच: तानाकाला सांगायचं, डबा देऊ नकोस, त्याऐवजी पुढच्या महिन्यात त्याच्याकडे काहीतरी छोटं माग, मुलीसाठी चिनी गोष्टीचं पुस्तक आणून दे असं म्हण. मागितलं की जवळीक वाटते. चेनला सांगायचं, 'जरा कठीण आहे' हे पूर्ण वाक्य आहे, त्यापुढे काही नाही. आणि जामिनासाठी पैसे घेऊन हमी देणाऱ्या कंपन्या आहेत, तिकडे जा. दोघांना एकत्र बसवून हे समजावू नका. तोंड वाचवणं दोघांकडेही आपल्याहून मोठी गोष्ट आहे, आणि तिसऱ्यासमोर झालेली उकल त्यांना पंचनामा वाटते.

बिलाचंही असंच. आठ जणांचं ३२,००० येन झालं की जपानी माणूस मनात लगेच चार-चार हजार करतो. त्याला 'वारिकान' म्हणतात, आपली कॉन्ट्री. चाळिशीपुढचा चिनी माणूस मध्येच उठून गुपचूप सगळं बिल भरून येतो. जपानी मंडळी दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून पैसे परत करतात, झालं पुन्हा 'ज्येनवाय'. टोकियोतली तरुण चिनी मुलं मात्र सर्रास बिल वाटून घेतात, त्यामुळे देशावरून अंदाज बांधू नका. जागा आरक्षित करतानाच मेसेजमध्ये लिहा: आज वारिकान, माणशी चार हजार, पेपे अ‍ॅपवर पाठवा. आधी लिहिलं की कुणाचाच मान जात नाही.

कचरा आणि आवाज यांबद्दल टोकियोजवळच्या कावागुची शहरातल्या शिबाझोनो वसाहतीचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. १९७८ मध्ये बांधलेली, वाराबी स्टेशनजवळची, सुमारे अडीच हजार घरांची ही वसाहत. तिथे घर घ्यायला जामीनदार लागत नाही आणि मालकाला द्यायची, परत न मिळणारी 'रेइकिन' नसते, म्हणून तरुण चिनी इंजिनियर कुटुंबं तिथे आली. आता निम्म्याहून जास्त रहिवासी परदेशी, त्यात बहुसंख्य चिनी. कचरा, तळणाचा वास, रात्री खेळणारी मुलं यांवरून तक्रारी सुरू झाल्या, आवारातल्या बाकांवर चिन्यांविरुद्ध शिव्या कोरल्या गेल्या. पुढे विद्यार्थ्यांच्या एका गटाने रहिवाशांकडून त्याच बाकांवर रंगीत हातांचे ठसे उमटवून घेतले. छायाचित्रांत ते छान दिसतं, पण रोजच्या कटकटी कमी करतात त्या साध्या गोष्टी: कार्यालयात चिनी बोलणारा माणूस, आणि कोणत्या वारी कोणता कचरा याची चित्रांसह चिनी पाटी. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. तिथले जपानी रहिवासी मुख्यतः निवृत्त म्हातारे आणि चिनी रहिवासी लहान मुलांचे आईबाप. संध्याकाळी सातला आवारात पोरांचा गोंगाट ही तक्रार पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या वहीत सापडेल. ते वयाचं भांडण आहे, त्याला राष्ट्राचं लेबल चिकटलं आहे.

आता तुमच्या स्वतःच्या खुर्चीबद्दल. भारतीय माणूस या दोघांमध्ये कोरा कागद नसतो. तुम्ही महाराष्ट्रातले आहात हे कळलं की एखादा चिनी सहकारी, विशेषतः वयाने मोठा, 'के दिहुआ!' म्हणेल. हे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जपानविरुद्ध लढणाऱ्या आठव्या रूट आर्मीत सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. आणि एखादा जपानी सहकारी, तोही वयाने मोठाच, न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं नाव काढेल. युद्धानंतर जपानी पुढाऱ्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सर्व आरोपी निर्दोष असा वेगळा निकाल देणारे ते एकमेव न्यायाधीश. यासुकुनीच्या आवारात २००५ पासून त्यांचं स्मारक आहे. दोघंही तुमचं कौतुकच करत असतात, पण ऐकणारा तिसरा असेल तर तेच कौतुक त्याला टोचतं. कोटणीसांबद्दल म्हणा: 'ते डॉक्टर होते, जखमींवर उपचार करायला गेले.' पालांबद्दल म्हणा: 'त्यांचा आक्षेप खटल्याच्या कायदेशीर पायावर होता, जपानी सैन्याने अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे, असं त्यांनीच निकालात लिहिलं आहे.' दोन्ही विधानं खरी आहेत आणि दोन्हींनंतर विषय बदलता येतो. कोटणीसांचा अभिमान गिळायची गरज नाही, तो हत्यार म्हणून वापरू नका एवढंच.

बातमी फुटते त्या दिवसाची तयारी वेगळी. २४ जून २०२४ ला सुजौमध्ये जपानी शाळेच्या बसजवळ चाकूहल्ला झाला. बसमधल्या मदतनीस हू योउपिंग यांनी हल्लेखोराला अडवलं आणि त्या जखमांनी वारल्या. बीजिंगच्या जपानी दूतावासाने त्यांच्यासाठी ध्वज अर्ध्यावर आणला. अशा दिवशी चिनी सहकाऱ्याकडून निषेधाचं वाक्य वदवून घेऊ नका. 'तुला काय वाटतं?' हा प्रश्नसुद्धा तेच मागतो. जपानी सहकाऱ्याला 'सगळे तसे नसतात' म्हणूनही थांबवू नका. त्याचा भाचा तिकडे शाळेत असेल. दोघांनाही वेगवेगळं, एकच वाक्य पुरतं: 'घरचे ठीक आहेत ना?' पहिले दोन दिवस ग्रुपवर या विषयाची लिंक टाकू नका, नकाशे तर नाहीच नाही.

फोटोंची काळजी मात्र वर्षभर. टीमचा फोटो वीचॅट किंवा एक्सवर टाकण्याआधी प्रत्येकाला विचारा. चिनी सहकाऱ्याला तिकडचे लोक 'चिंगरि', म्हणजे मनाने जपानी झालेला, म्हणून झोडपू शकतात, आणि तो मार घरच्यांपर्यंत पोचतो. सहलीत किमोनो भाड्याने घेऊन काढलेला फोटो तर अजिबात नको; ऑगस्ट २०२२ मध्ये सुजौच्या रस्त्यावर किमोनोत फोटो काढणाऱ्या चिनी तरुणीला पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. फोटोला नाही म्हणणारा तुमच्या टीमवर रुसलेला नसतो, त्याची आई शेनयांगला राहत असते.

टेबलं पुन्हा एक करायची असतील तर 'मैत्रीभोजन' असं नाव देऊ नका. नाव दिलं की सगळे भाषणाच्या तयारीने येतात. काम झाल्याचं निमित्त घ्या, एखादं रिलीज संपलं की गुरुवारी किंवा शुक्रवारी. टोकियोतल्या इकेबुकुरो स्टेशनच्या उत्तर बाजूला अस्सल चिनी खानावळींची रांग आहे, तिथे नऊ जण बसतील असं गोल, फिरत्या तबकाचं टेबल मागा. लांबट टेबलावर दोन टोळ्या आपोआप पडतात. पदार्थ चिनी सहकाऱ्यांना निवडू द्या, म्हणजे त्या दिवसापुरते ते यजमान होतात. तुम्ही शाकाहारी असाल तर ते आदल्या दिवशी सांगा, टेबलावर नाही. वाढून घ्यायला वेगळ्या चॉपस्टिक्सच्या तीन जोड्या आधीच मागून ठेवा, कारण स्वतःच्या काड्या सामायिक ताटात घालायला जपानी लोक कचरतात आणि मग उपाशी राहतात. डंपलिंगवरून चेष्टा होऊ द्या: जपानी ते परतून भाताबरोबर खातात, चिनी माणसाला हे पोळीबरोबर पोळी खाल्ल्यासारखं वाटतं. फक्त ग्योझा, म्हणजे हे जपानी डंपलिंग, जपानभर पसरला तो युद्धानंतर ईशान्य चीनमधून परतलेल्या जपान्यांमुळे, ही माहिती त्या टेबलावर सांगत बसू नका. आणि माणशी किती ते आधीच्या मेसेजमध्ये लिहायला विसरू नका, नाहीतर कुणीतरी मध्येच उठून बिल भरून येईल.